व्यावसायिक शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खूप वर्षं फिटिंग आणि वेल्डिंग शिकवलंय. मुलं, त्यांचे आईवडील, नवीन लागलेले इन्स्ट्रक्टर, कधी कधी कंपनीवाले सुद्धा, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीयेत, कारण तो विषयच तसा आहे, आणि जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे ते माझंच मत म्हणून वाचा.

व्यावसायिक शिक्षण म्हणजे नेमकं काय धरायचं?

ज्या शिक्षणाच्या शेवटी माणसाला एखादं ठरावीक काम स्वतःच्या हाताने, पैसे घेऊन, जबाबदारीने करता आलं पाहिजे ते. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, नर्सिंग असिस्टंट, शिवणकाम, किचनमधलं काम, मोबाइल रिपेअर, अकाउंट्स, सगळं यात येतं. कॉलेजच्या पेपरात ४० टक्के पडले तरी मूल पास होतं, पण घराची वायरिंग ४० टक्के बरोबर असं काही नसतं, एक अर्थिंग राहिलं तरी माणूस जातो.

इतके कोर्स आहेत, सर्टिफिकेट पण मिळतं, मग मुलांना प्रत्यक्षात काम का येत नाही?

कारण हाताला काम मिळत नाही. बाकी कारणं आहेत, पुढे येतीलच, पण मला विचाराल तर पहिलं हेच.

साधा हिशोब करून बघा. वेल्डिंगची २० जणांची बॅच, चालू बूथ (एका वेळी एकाने वेल्डिंग करायची जागा) ४, प्रॅक्टिकल ४ तासांचं. हजेरी, सामान वाटप, ॲप्रन हेल्मेट चढवणं आणि शेवटची झाडलोट यात ४० मिनिटं गेली असं धरा, उरली २००. चार बूथची मिळून ८०० मिनिटं, भागिले २० मुलं, म्हणजे एकाच्या वाट्याला ४० मिनिटं. त्यातही प्लेट घासायची, टॅक (जोड धरून ठेवणारे छोटे टाके) मारायचे, स्लॅग (जोडावर जमणारी मळी) ठोकून काढायचा, सरांना दाखवायचं, हे सगळं वजा केलं तर आर्क, म्हणजे वेल्डिंगची ज्योत, खरोखर पेटलेला असतो फार तर १५ मिनिटं. आणि हे सुद्धा चारही बूथ चालू असतील, रॉड संपले नसतील, लाइट गेली नसेल तर. आता यातून सुट्ट्या आणि परीक्षांचे दिवस काढा आणि सांगा मुलाचा हात बसायचा कधी. वेळापत्रकात मात्र ४ तास लिहिलेले असतात आणि तपासणीला येणारा माणूस वेळापत्रक बघून जातो.

माझ्याकडे एक मुलगी होती, तिचं वेल्डिंग वरून इतकं देखणं की बॅचमधली बाकीची मुलं बघायला यायची, माशाच्या खवल्यांसारख्या एकसारख्या लाटा. मग बेंड टेस्ट घेतली. जोडाची पट्टी कापली, जिगमध्ये धरून वाकवायला लागलो आणि अर्ध्यावरच मुळाकडून चीर उघडली, आत काळा स्लॅग आणि प्लेटची कड जशीच्या तशी, वितळलेलीच नाही. तिचा चेहरा अजून आठवतो मला. चूक तिची नव्हतीच, वर्षभरात तिला एकही जोड फोडून आत बघायला मिळाला नव्हता, कारण प्लेटा कमी म्हणून जोड फोडायचा नाही, घासून परत तोच वापरायचा अशी पद्धत होती. मग आम्ही भंगारातून तुकडे आणले, दोन प्लेटांत अडीच मिलिमीटर फट ठेवून रोज एक जोड करायचा आणि रोज तो मोडून बघायचा. सहा आठवड्यांनी तिची पट्टी पूर्ण वाकली, दोन्ही टोकं समोरासमोर आली तरी चीर नाही. नवीन काही शिकवलं नव्हतं, फक्त मोडायला माल मिळाला.

मग नवीन मशिनं आणली की प्रश्न सुटेल ना?

अर्धा सुद्धा नाही. एका ठिकाणी मी भारीतलं, कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन दोन वर्षं प्लास्टिकच्या कागदाखाली बघितलंय. मशीन आलं, फोटो निघाले, पण थ्री फेजचं कनेक्शन पुढच्या बजेटमध्ये, कटिंग टूलच्या टिपा कोणी घ्यायच्या ते ठरलेलं नाही, आणि चालवायला शिकलेला माणूस बदली होऊन गेलेला. मुलं त्याच्या शेजारून जायची आणि जुन्या लेथवर चक घट्ट करत बसायची.

मशीन एकदाच घेतलं जातं म्हणून त्याला पैसे सापडतात. रॉड, प्लेटा, वायर, टिपा, कापड, सोल्डर हे दर महिन्याला संपतं आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही, म्हणून तिथेच पहिली कात्री लागते. माझ्या मते एखादा कोर्स चांगला आहे की नाही हे ओळखायचं असेल तर मशीनची यादी मागूच नका, गेल्या वर्षी एका मुलामागे कच्चा माल किती खर्च झाला ते विचारा.

सगळा भर इन्स्ट्रक्टरवर का देता?

कारण हाताचं काम बघून शिकतात, आणि ज्याच्याकडे बघून शिकायचं तोच दहा वर्षं इंडस्ट्रीत गेला नसेल तर मुलं दहा वर्षं जुनं काम शिकणार. दुसरी अडचण उलटी आहे. उत्तम कारागीर असतो पण त्याला शिकवता येत नाही, तो म्हणतो असं कर, आणि स्वतःच करून दाखवतो, मुलाला कळत नाही नेमकं मनगट कुठे वळलं.

ही दुसरी अडचण फार जुनी आहे. मॉस्कोच्या इम्पिरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला-व्होस यांनी यावर एक उपाय काढला होता, प्रत्येक कामाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, सोप्याकडून अवघडाकडे लावायचे, आणि एक जमल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्यांचे हे नमुने मांडले होते आणि अमेरिकेतल्या शिक्षणवाल्यांनी ती पद्धत उचलली. आज आपण पहिल्या महिन्यात मुलांना नुसतं फाइलिंग (कानशीने घासणं) करायला लावतो, मग चौकोन, मग मेल फिमेल फिटिंग (एक तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसवणं), ते याच जातकुळीतलं आहे. अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी ही क्रमवारी राहिली पण जमल्याशिवाय पुढे नाही ही अट गेली, तारीख आली की पुढचा जॉब (बनवायची वस्तू).

जर्मनीत कंपनीत जो माणूस शिकाऊ मुलांची जबाबदारी घेतो त्याला कामासोबत शिकवण्याची पात्रता पण सिद्ध करावी लागते, त्याची वेगळी परीक्षा आहे. हे मला फार पटतं. आणि उलट बाजूने, शिकवणाऱ्याला दर दोन-तीन वर्षांनी महिनाभर तरी प्रत्यक्ष कामावर पाठवलं पाहिजे, पगार चालू ठेवून. सेमिनारला नाही, कामावर.

सिलॅबस नेहमी जुनाच का असतो? नवीन करायला एवढा वेळ का लागतो?

सिलॅबस करणारे आणि काम करून घेणारे वेगवेगळ्या खोल्यांत बसतात म्हणून. ज्या देशांत हे बऱ्यापैकी चालतं तिथे एकाच टेबलावर मालक, कामगार संघटना आणि सरकार असतात. जर्मनीत यासाठी १९७० पासून एक केंद्रीय संस्था आहे, बीआयबीबी म्हणतात तिला, आणि तिच्यामार्फत सव्वातीनशेच्या आसपास मान्यताप्राप्त व्यवसायांचे नियम ठरतात आणि बदलतात. कामगार संघटना टेबलावर असणं महत्त्वाचं आहे. एकटा मालक सिलॅबस ठरवेल तर त्याच्या मशीनपुरतं शिकवा म्हणेल, कामगारांची बाजू म्हणते की मुलाला दुसरीकडेही नोकरी मिळाली पाहिजे.

एक मात्र सांगतो, सगळं बदलायच्या नादात पाया बदलू नका. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) वाचणं, ड्रॉइंग वाचणं, मल्टिमीटर लावून फॉल्ट शोधणं, हे लवकर जुनं होत नाही.

काम शिकायला आलेल्या मुलांना गणित आणि भाषा कशाला? आधीच ती त्यालाच कंटाळून इकडे येतात.

हा प्रश्न आईवडिलांपेक्षा इन्स्ट्रक्टरच जास्त विचारतात. ड्रॉइंगवर २५ मिमी अधिक उणे ०.०२ लिहिलेलं असतं, मुलाने २४.९७ चा जॉब केला आणि म्हणतो सर जवळजवळ २५ च आहे. त्याचा हात चांगला होता, दशांश कच्चा होता. म्हणजे जॉब गेला गणितामुळे.

दुसरं कारण जरा लांबचं आहे. अर्थशास्त्रज्ञ एरिक हनुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतली आकडेवारी घेऊन २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असं दिसलं की व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांना तरुणपणी नोकरी लवकर मिळते, पण वय वाढलं, तंत्रज्ञान बदललं की तोच फायदा कमी होत जातो आणि काही ठिकाणी उलटा होतो. याचा अर्थ हे शिक्षण वाईट असा मी घेत नाही. मी असा घेतो की नुसतं एका मशीनचं बटण शिकवलं तर ते मशीन गेलं की माणूस पण गेला, आणि नवीन शिकायची ताकद वाचता येण्यातून आणि हिशोब येण्यातूनच येते. इंग्लंडमध्ये २०११ साली ॲलिसन वुल्फ यांचा व्यावसायिक शिक्षणावर जो अहवाल आला त्यातही हेच ठासून सांगितलंय, ज्यांचं इंग्रजी आणि गणित कच्चं राहिलंय त्यांना ते पुढेही शिकवत राहा. त्याच अहवालात असंही म्हटलंय की १६ ते १९ वयाची निदान साडेतीन लाख मुलं अशा कोर्सना आहेत ज्यांना नोकरीच्या बाजारात जवळपास किंमतच नाही. साडेतीन लाख मुलांची वर्षं गेली, नुसता आकडा म्हणून हे वाचून पुढे जाता येत नाही.

शिकवायचं कसं, तर वेगळा तास लावून नाही. जॉब समोर ठेवून कोन काढायला लावा. ज्या मुलाला त्रिकोणमिती म्हटलं की झोप येते तोच टेपर टर्निंगचा (लेथवर निमुळता आकार कापण्याचा) कोन चुकू नये म्हणून टॅनचं कोष्टक मागून घेतो, मी बघितलंय.

सगळे जर्मनीचं उदाहरण देतात. ते जसंच्या तसं आणता येत नाही का?

तिथलं ढोबळ चित्र असं, मुलगा आधी कंपनीशी करार करतो, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस शाळेत, कोर्स दोन ते साडेतीन वर्षांचा, आणि पूर्ण काळ भत्ता मिळतो. १९६९ च्या कायद्याने हे बांधून दिलंय, पण कायद्याच्या खूप आधीपासून तिथे कारागिरांच्या संघटना, व्यापारी मंडळं आणि कारागिराची मास्टर ही पदवी होती. म्हणजे कायदा शेवटी आला, सवय आधी होती. कायदा उचलून आणता येतो, सवय नाही आणता येत.

ज्या देशात बहुतेक धंदे पाच-सात माणसांचे आहेत तिथे आठवड्यात चार दिवस नीट शिकवायला माणूस कुठून द्यायचा? अशा ठिकाणी मला नॉर्वेचं जास्त पटतं. त्यांनी १९९४ च्या सुधारणेत दोन वर्षं शाळा आणि मग दोन वर्षं कंपनी असं केलं. मूल पाया पक्का करून जातं त्यामुळे छोट्या मालकावर पहिल्या दिवसापासून ओझं पडत नाही. शिवाय चार-पाच छोट्या वर्कशॉपनी मिळून एकच मुलगा घ्यायचा, एकाकडे टर्निंग शिकला, दुसऱ्याकडे मिलिंग, असंही करता येतं.

कंपन्या शिकाऊ मुलं घ्यायला तयार का नसतात?

भीती एकच, आम्ही शिकवणार आणि शेजारचा पळवणार. ही भीती खोटी नाही. पण हिशोब सगळा करत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये यावर बरेच अभ्यास झालेत आणि सरासरी काढली तर शिकाऊ मुलगा शिकता शिकता जे काम करतो त्यातूनच कंपनीचा खर्च निघतो. जर्मनीत सरासरी खर्च जास्त पडतो, पण मुलगा नंतर तिथेच राहिला तर नवीन माणूस शोधायचा आणि तयार करायचा खर्च वाचतो. फरक कुठे पडतो, तर मुलाला खरं काम किती लवकर देता यावर. सहा महिने फक्त झाडू आणि चहा दिला तर तोटाच होणार, मालकाचा पण आणि मुलाचा पण.

कायद्याने सक्ती करायचे प्रयोग वेगवेगळे झालेत. भारतात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात आणि त्याच्या २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांत ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत असं आहे. ब्रिटनने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर पगाराच्या अर्धा टक्का लेव्ही, म्हणजे शिकाऊ मुलांसाठीचा कर, लावली, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये नवीन शिकाऊ मुलांची संख्या घटली, शिवाय बराच पैसा आधीच नोकरीत असलेल्या मोठ्या वयाच्या लोकांच्या मॅनेजमेंट कोर्सकडे वळला. पैसा गोळा करणं सोपं, तो सतरा वर्षांच्या मुलापर्यंत पोचवणं अवघड, तिथे लक्ष नाही दिलं तर सक्ती कागदावर राहते.

अप्रेंटिसच्या नावाखाली स्वस्तात राबवून घेतात, ते कसं ओळखायचं?

तीन महिन्यांनी मुलाला विचारा, पहिल्या आठवड्यात काय करत होतास आणि आता काय करतोस. उत्तर तेच असेल तर राबवणं चाललंय. लेखी करार आहे का, शिकवण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर आहे का, लॉगबुक आहे का आणि ते कोणी वाचून सही करतं का की वर्षाच्या शेवटी एका रात्रीत भरलं जातं, हे बघा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३ मध्ये चांगल्या ॲप्रेंटिसशिपबद्दल शिफारस क्रमांक २०८ मंजूर केली, त्यात लेखी करार, योग्य मोबदला, कामाच्या तासांची मर्यादा, सुरक्षा हे सगळं आहे. शिफारस म्हणजे सक्ती नाही, पण भांडताना हातात काहीतरी असतं.

सुरक्षेवर तडजोड करू नका, बिलकुल नाही. गार्ड काढलेल्या ग्राइंडरवर मुलाला उभं करतात ती जागा त्याच दिवशी सोडायची.

अभ्यासात कच्ची मुलंच इकडे येतात, असं सगळे म्हणतात. हे बदलणार कसं?

याचा मला फार त्रास होतो, कारण मूल पहिल्या दिवशी वर्गात येतं तेच मान खाली घालून. घरी कोणीतरी म्हटलेलं असतं, मार्क नाहीत ना, मग जा तिकडे.

सिंगापूरमध्ये हेच होतं. १९९२ मध्ये त्यांनी जुनी व्यवस्था मोडून आयटीई (इन्स्टिट्यूट ऑफ टेक्निकल एज्युकेशन) नावाची संस्था काढली, तर लोक त्या तीन अक्षरांचा अर्थ लावायचे, इट्स द एंड, म्हणजे संपलं सगळं. त्यांनी आधी शिकवणं सुधारलं, इंडस्ट्रीतली माणसं शिकवायला घेतली, विखुरलेल्या जुन्या शाळांच्या जागी तीन मोठी कॉलेजं बांधली, एखाद्या चांगल्या विद्यापीठासारखी, आणि मग लोकांपर्यंत नवीन ओळख पोचवली. नुसती जाहिरात केली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता. मशीनचं महत्त्व मी वर कमी केलंय खरं, पण इमारतीबद्दल एवढं मान्य करतो की गळक्या शेडमध्ये बसवून तुझं काम मोलाचं आहे असं सांगितलं तर मुलाला ते पटत नाही.

नाव बदलून किती फरक पडतो? अमेरिकेने २००६ च्या कायद्यात व्होकेशनल हा शब्दच काढला आणि करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन असं केलं. शब्दाने थोडी मदत होते, पण लोक शेवटी बघतात की पोराला काम मिळालं का आणि पुढे शिकता आलं का.

एकदा इकडे आलं की पुढच्या शिक्षणाचे दरवाजे बंद होतात का?

व्हायला नकोत, पण खूप ठिकाणी होतात, आणि हुशार मुलं न येण्याचं ते मोठं कारण आहे. १५-१६ वर्षांच्या मुलाला आयुष्यभराचा निर्णय घ्यायला लावायचा आणि परतीची वाट ठेवायची नाही, हे बरोबर नाही. अमेरिकेत १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यावसायिक शिक्षणाला पैसा दिला पण त्याची चूलच वेगळी मांडली, शिक्षणविचारवंत जॉन ड्यूई यांचा अशा वेगळ्या चुलीला विरोध होता, त्यांचं म्हणणं होतं की यातून मुलांची दोन वर्गांत वाटणी होईल.

स्वित्झर्लंडमध्ये साधारण दोनतृतीयांश मुलं व्यावसायिक मार्गाने जातात आणि तिथे त्याची लाज वाटत नाही, कारण १९९४ पासून तिथे व्यावसायिक मॅट्रिक्युलेशन आहे, कामाच्या शिक्षणासोबत ती परीक्षा दिली की उपयोजित विद्यापीठात प्रवेश मिळतो, आणि आणखी एक पूरक परीक्षा दिली तर साध्या विद्यापीठात पण. सगळी मुलं त्या वाटेने जात नाहीत. पण वाट आहे हे माहीत असलं की आईवडील अडवत नाहीत.

मुलींनी कोणते कोर्स घ्यावेत?

ज्याची आवड आहे ते. खरा प्रश्न हा की त्या टिकत का नाहीत, आणि त्याची उत्तरं फार साधी असतात, वर्कशॉपजवळ स्वच्छ टॉयलेट नाही, सगळ्यात लहान मापाचे ग्लोव्हज पण मोठे होतात आणि रॉडवरची पकड सुटते, ३० मुलांत एकटीच मुलगी असते. एका बॅचमध्ये निदान तीन-चार मुली एकत्र घेतल्या तर गळती कमी होते हा माझा अनुभव आहे.

२० वर्षं काम केलंय पण कागद नाही. अशा माणसाने परत कोर्स करायचा का?

नाही, त्याचं काम तपासून त्याला कागद द्यायला पाहिजे. फ्रान्सने २००२ मध्ये यासाठी कायदा केला, तीन वर्षांचा अनुभव असेल तर त्या अनुभवावर पूर्ण डिप्लोमा सुद्धा मागता येईल, २०१६ मध्ये ती अट एका वर्षावर आणली, आणि २०२२ च्या कायद्याने ती किमान मुदतही काढून टाकली. अर्जदार आपलं काम लिहून मांडतो, परीक्षकांपुढे बसतो, आणि काही भाग कमी पडला तर तेवढाच पूर्ण करायचा.

अशा योजनांत एक धोका असतो, दोन दिवसांचं ओरिएंटेशन, एक वस्तुनिष्ठ पेपर आणि लगेच सर्टिफिकेट वाटप. ज्या गवंड्याने आयुष्यभर भिंती ओळंब्यात उभ्या केल्या त्याला टिकमार्कचा पेपर कशाला? त्याला भिंत बांधायला सांगा आणि ओळंबा लावून बघा.

परीक्षा कशी असावी?

जो शिकवतो त्यानेच मार्क देऊ नयेत, हे पहिलं. जर्मनीत परीक्षा मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात आणि किमान एक शिक्षक. दुसरं म्हणजे मुलाला चुकीचं काहीतरी देऊन दुरुस्त करायला लावा. नवीन बोर्ड जोडणं सगळे पाठ करून येतात. पण जोडलेल्या बोर्डात एक न्यूट्रल ढिला करून ठेवा आणि म्हणा, बल्ब लुकलुकतोय, शोध. पाच मिनिटांत कळतं कोणाला काम येतं.

तीन महिन्यांचे शॉर्ट टर्म कोर्स चालतात का?

ज्याला आधीच काम येतं त्याला एखादी नवीन गोष्ट शिकायला उत्तम. अगदी नवख्याला तीन महिन्यांत कारागीर करतो म्हणणारा फसवतोय.

ऑनलाइन शिकता येतं का?

थिअरी, ड्रॉइंग, सेफ्टी, हिशोब हे चांगलं होतं, उलट व्हिडिओ थांबवून परत बघता येतो ते वर्गात जमत नाही. २०२० मध्ये वर्कशॉप बंद पडली तेव्हा आम्हा सगळ्यांना हे कळलं, आणि हेही कळलं की त्या वर्षीच्या मुलांचे हात बसलेच नाहीत. वेल्डिंगचे सिम्युलेटर आलेत, रॉडचा कोन आणि वेग शिकवायला ते बरे आहेत, माल पण वाचतो. पण ठिणगी अंगावर आली की मूल दचकतं आणि हात हलतो, ते सिम्युलेटरवर येत नाही.

१०० टक्के प्लेसमेंट लिहितात, ते खरं धरायचं का?

तीन गोष्टी विचारा. शंभर टक्के कोणाचे, प्रवेश घेतलेल्यांचे की शेवटपर्यंत टिकलेल्यांचे? नोकरी त्याच ट्रेडमध्ये लागली का, की वेल्डर शिकून पार्सल वाटतोय? आणि एक वर्षाने तो तिथेच आहे का? जी संस्था वर्षाने फोन करून मुलांची खबर घेते आणि वाईट आकडे सुद्धा लपवत नाही, तिथे मी डोळे झाकून माझं मूल पाठवेन.

मी इन्स्ट्रक्टर आहे, वर कोणी ऐकत नाही, बजेट नाही. मी एकट्याने काय करू?

बरंच काही. आसपासच्या वर्कशॉपमध्ये जा आणि भंगारातले तुकडे मागा, दहातले तीन तरी देतात, आणि त्या निमित्ताने ओळख होते ती पुढे मुलाला नोकरी लावताना कामाला येते. जुन्या विद्यार्थ्याला महिन्यातून एकदा बोलवा, भाषणाला नाही, दोन तास मुलांच्या शेजारी उभं राहून काम करायला, मुलं त्याच्याकडून जे ऐकतात ते आपल्याकडून ऐकत नाहीत. चांगला हात असलेल्या मुलाला कच्च्या मुलासोबत जोडा, पण कच्च्याने करायचं आणि चांगल्याने फक्त बोलायचं, उलट नाही. दर शुक्रवारी एक जॉब सगळ्यांसमोर मोडा आणि आत काय चुकलं ते त्यांनाच सांगू द्या.

आणि सगळ्यात आधी, एका आठवड्यासाठी वहीत लिहा की प्रत्येक मुलाच्या हातात हत्यार खरोखर किती मिनिटं होतं. हजेरी नाही, हत्यार. माझा पहिल्या आठवड्याचा आकडा आला होता दिवसाला ११ मिनिटं, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही मला. तो आकडा खडूने वर्कशॉपच्या दारावर लिहिला, आणि मग मुलंच म्हणायला लागली, सर सामान आम्ही अर्धा तास आधी येऊन काढतो. पुढच्या महिन्यात तिथे १९ लिहिलं.